एकमताने डिस्कमुक्त

योगेश आत आला आणि खोलीतले पाच जण उभे राहिले.

ग्रुप डिस्कशनला उशिरा आलेल्या माणसासाठी कोणी उभं राहत नाही. फार तर खुर्ची सरकवतात. इथे निवृत्तीकाका बोरस्त्यांनी पंख्याखालची स्वतःची खुर्ची रिकामी केली, खांद्यावरच्या उपरण्याने पुसली आणि म्हणाले, "या जावईबापू, इकडं बसा. तिकडं वारा नाय लागत."

मी फळ्याजवळ उभा होतो. हातातला मार्कर खिशात ठेवला आणि बाहेर आलो.

मी मार्केट रिसर्चमध्ये आहे. साबणापासून ट्रॅक्टरपर्यंत कुठल्याही वस्तूत बदल करायचा असला की कंपन्या आधी लोकांना विचारून बघतात. ते विचारण्याचं काम माझं. आठ माणसं एका खोलीत बसवायची, त्यांना बोलतं करायचं आणि ती काय म्हणाली ते कंपनीला लिहून द्यायचं. त्या आठांना रिस्पॉन्डंट म्हणतात, मला मॉडरेटर. या धंद्यात एक नियम पहिल्याच दिवशी शिकवतात. खोलीतली कुठलीही दोन माणसं एकमेकांच्या ओळखीची नकोत. ओळख आली की भीड येते आणि भीड आली की मत जातं.

माणसं गोळा करणाऱ्याला रिक्रूटर म्हणतात. आमचा नाशिकचा रिक्रूटर बाळूभाऊ. तो हॉटेलच्या लॉबीत सोफ्यावर निवांत बसला होता.

"बाळूभाऊ, आत काय चाललंय?"

"काय झालं सर? आठ पूर्ण आहेत ना?"

"आठ पूर्ण आहेत. एका घरातले किती आहेत?"

"एका घरातले नाहीत सर." बाळूभाऊ दुखावला. "काका आणि सागर तेवढे एका घरातले. बाप-लेक. पुतण्या वेगळा राहतो. भाचा तर ओझरला असतो."

"आणि जावई?"

"जावई कधी सासऱ्याच्या घरातला असतो का?"

मग कळलं की जावयाचा धाकटा भाऊही आत होता आणि सागरचा एक मित्रही, जो या घरात जेवायला असतो. बाळूभाऊची बाजूही ऐकायला हवी. कंपनीची अट अशी होती की घरात गेमिंग कन्सोल हवा, तो घेण्याचा निर्णय स्वतः घेतलेला हवा, आणि माणसं शहर व ग्रामीण अशी मिसळलेली हवीत. बाळूभाऊने निफाडला चुलत मामांना फोन लावला. मामा म्हणजेच निवृत्तीकाका. त्यांच्याकडे द्राक्षबाग होती आणि कन्सोल होता. तो त्यांनी स्वतः जाऊन घेतला होता, म्हणून ते 'डिसिजन मेकर'. एक जावयालाही दिला होता. एका फोनमध्ये सात माणसं झाली.

"आणि त्या बाई?"

"वंदनाताई देवरे. त्या खऱ्याच बाहेरच्या आहेत सर." बाळूभाऊने छाती थोडी पुढे काढली. "नाशिकरोडला त्यांचं गेम खेळायचं दुकान आहे."

धंद्यातली माणसं ग्रुपमध्ये घ्यायची नसतात, हा दुसरा नियम. म्हणजे त्या खोलीत नियमाने चालेल असा एकही माणूस नव्हता.

ग्रुप रद्द करायला हवा होता. मी तो करू शकत होतो. पण शेजारच्या खोलीत कंपनीची माणसं येऊन बसली होती. आमच्या खोलीतला कॅमेरा त्यांच्या टीव्हीला जोडलेला होता आणि एक कॉलेजची मुलगी मराठीचं इंग्रजी करून सांगत होती. गुरुग्रामहून आलेला ब्रँड मॅनेजर करण, मुंबईहून आलेली माझी बॉस रितिका. विमानाची तिकिटं झाली होती, हॉटेल झालं होतं, करणला संध्याकाळी परत जायचं होतं. मी रितिकाला गाठून दबक्या आवाजात म्हटलं, "थोडे ओळखीचे दिसतायत एकमेकांच्या."

"थोडे म्हणजे?"

"थोडे."

"मग चालवून घ्या ना सर."

मी चालवून घेतलं.

ज्यांच्या घरात हा डबा नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गेमिंग कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा गेमचा खोका. आतापर्यंत त्याच्या पुढच्या बाजूला एक फट असायची. त्यात गेमची डिस्क सरकवायची आणि खेळायचं. नव्या मॉडेलमध्ये कंपनीला ही फट काढून टाकायची होती. म्हणजे गेम फक्त इंटरनेटवरून विकत घ्यायचा आणि उतरवून घ्यायचा. असा घेतलेला गेम मित्राला देता येत नाही, विकताही येत नाही. कंपनीला नेमकं हेच आवडतं. आपल्याकडे एक डिस्क सिडकोतून निघते, निफाडच्या मावसभावाकडे जाते, तिथून देवळ्याला कोणाच्या तरी मेहुण्याकडे पोचते आणि सहा महिन्यांनी ओरखडे घेऊन परत येते. तेवढ्यात पाच घरं खेळून होतात. कंपनीच्या हिशोबात त्यातलं एकच घर ग्राहक असतं.

प्रश्न असा होता की फटवालं मॉडेल बंद करून फक्त बिनफटीचं ठेवलं तर लहान शहरं काय म्हणतील. नाशिक त्या लहान शहरांत. नाशिककरांनी राग मानू नये. कंपनीच्या नकाशात पुणेसुद्धा मध्यमच आहे.

मी आत गेलो आणि नव्या मॉडेलचं चित्र लावलं.

"हे बघून पहिल्यांदा मनात काय आलं?"

सगळे योगेशकडे बघत होते. योगेश अंबडला एका कारखान्यात इंजिनिअर, स्वभावाने गरीब. तो सासऱ्यांकडे बघत होता.

"बारीक झालंय," योगेश शेवटी म्हणाला.

"बारीक झालंय," सागर म्हणाला.

"लय बारीक," निवृत्तीकाका म्हणाले.

नंतर त्यांची टिपणं वाचली तेव्हा कळलं, शेजारच्या खोलीत याची नोंद झाली होती: सडपातळ रचना, उत्स्फूर्त पसंती, सर्व वयोगट.

मग मी कार्ड वाचून दाखवलं. कंपनीचं इंग्रजी वाक्य मराठीत मीच केलं होतं. 'सादर आहे डिस्कमुक्त अनुभव.'

"म्हणजे तंटामुक्त गाव असतं तसं का?" काकांनी विचारलं.

"साधारण तसंच."

"आमच्या गावाला बक्षीस भेटलं होतं त्याचं. तंटे हाईत तसेच हाईत, पण कमान लय भारी बांधली."

सगळे हसले. वातावरण मोकळं झालं असं मला वाटलं. मी मुख्य प्रश्न विचारला. "नवीन मशीनमध्ये डिस्क घालायला जागाच नसली, तर तुम्हाला कसं वाटेल?"

आता योगेशची अडचण समजून घ्या. त्याच्या घरातला कन्सोल सासऱ्यांनी धोंड्याच्या महिन्यात दिलेला. जावयाला अधिक मासात वाण देतात. चांदीची वाटी, कपडे, तेहतीस अनारसे. पोरगी म्हणाली की यांना गेमची आवड आहे, म्हणून काकांनी वाटीऐवजी कन्सोल दिला. आता योगेश म्हणाला असता की नवीन मॉडेल झकास आहे, तर वाण जुनं पडलं. नवीन वाईट आहे म्हणाला असता, तर पुढच्या वाणात काय नको ते आत्ताच सांगितल्यासारखं झालं. सासरच्या पाच माणसांसमोर आणि सख्ख्या भावासमोर त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "डिस्क असली तरी चालेल, नसली तरी चालेल. आपली काही मागणी नाही."

काकांचा चेहरा उजळला. असा जावई शोधूनही मिळत नाही.

सागर मात्र अस्वस्थ झाला. त्या घरात खरा खेळणारा तोच. "पण दाजी, आपली ती क्रिकेटची डिस्क—"

"सागर," काका म्हणाले.

सागरने पाण्याची बाटली उघडली आणि पुढचं वाक्य पाण्याबरोबर गिळलं. पुतण्या म्हणाला, दाजी म्हणतात ते बरोबर आहे. भाचा म्हणाला, माझंही तेच. जावयाच्या भावाने मान हलवली. मोठा भाऊ सासुरवाडीत बोलत असताना त्याने आणखी काय करायचं.

कोपऱ्यातून वंदनाताई म्हणाल्या, "मला एक विचारायचं होतं. माझ्याकडे कपाट भरून डिस्क आहेत. बारा वर्षांत जमवलेल्या. त्या मग कशात घालायच्या?"

"ताई," काका अतिशय अदबीने म्हणाले, "जावईबापू चालेल म्हणले ना आता."

"तुमच्या घरात चालेल हो काका. माझं पोट त्याच्यावर आहे."

हाच तो क्षण. मॉडरेटरने अशा वेळी थांबायचं असतं. अजून सांगा, म्हणजे काय, का, असं विचारत राहायचं असतं. त्याला आम्ही प्रोब करणं म्हणतो आणि माझा प्रोब कंपनीत नावाजलेला आहे. तेवढ्यात फोन थरथरला. रितिकाचा मेसेज होता: छान एकमत होतंय, पुढे चला.

"तुमचा मुद्दा लक्षात आला ताई," मी म्हणालो. "आपण पुढे जाऊ."

शेवटी हात वर करायला सांगितले. बिनडिस्कचं मॉडेल कोणाकोणाला चालेल? योगेशचा हात वर गेला. मग घरातले सगळे. वंदनाताईंनी त्या सात हातांकडे बघितलं. दुसऱ्यांच्या घरच्या पंगतीत बसल्यावर माणूस पानात वाढलेलं निमूट खातो, तसा त्यांनी आपला हात कानापर्यंत नेला. तो वर होता की त्या केस सावरत होत्या, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. मी तो मोजला. आठपैकी आठ.

ग्रुप संपल्यावर माणसं लिफ्टकडे गेली. वंदनाताई मागे थांबल्या.

"सर, आत विचारता नाही आलं. त्यांचं घरचं चाललेलं, आपण कुठे मध्ये बोलायचं. एक विचारू?"

"विचारा."

"माझी चार मशिनं आहेत. दोन आता रडायला लागलीत, मध्येच बंद पडतात. सुट्टी लागायच्या आत बदलायचीयेत. सगळा धंदा सुट्टीचा. आत्ता दुकानात आहेत त्याच मॉडेलची घेऊन टाकू, की थांबू? हे डिस्कवालं बंद होणारे का?"

मला माहीत होतं. दुपारी मिसळ खाताना करणने नाक पुसत पुसत सांगितलं होतं की नाशिकसारख्या दोन-तीन शहरांत विरोध नसेल, तर फटवालं मॉडेल इथे येणं थांबणार. आणि नाशिकचा विरोध नव्हता हे मी नुकतंच मोजलं होतं.

आम्ही एका कागदावर सही केलेली असते. कंपनीची आतली गोष्ट बाहेर सांगायची नाही. ती सही मला आठवली. पण त्या कागदात असं कुठेही लिहिलेलं नसतं की खोटा सल्ला द्या. 'मला सांगता येत नाही' एवढं म्हटलं असतं तरी पुरत होतं. त्यावर त्यांच्या डोळ्यांत शंका आली असती, त्यांनी आणखी विचारलं असतं, आणि शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. मला ते सगळं नको होतं. लवकर घरी जायचं होतं.

"थांबा की थोडं," मी म्हणालो. "नवीन आलं की बघून घ्या. घाई काय आहे."

"थांबू ना?"

"थांबा."

"बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या आणि जिन्याने खाली गेल्या. लिफ्ट घरच्या मंडळींनी भरली होती.

रिपोर्ट मी लिहिला. नाशिकमध्ये बदलाला पूर्ण स्वीकृती. वंदनाताईंची शंका शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत, 'एका व्यावसायिक वापरकर्त्याचा अपवाद' अशी. योगेशचं वाक्य करणला फारच आवडलं. त्याने त्याची वेगळी स्लाइड केली. चष्मा लावलेल्या कुठल्यातरी हसऱ्या तरुणाचा फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'माझी काही मागणी नाही. भेटा लहान शहरातल्या नव्या गेमरला.' ही स्लाइड म्हणे सिंगापूरपर्यंत गेली. धोंड्याचं वाण तिथे कोणी समजावून सांगितलं नाही.

द्राक्षांचा हंगाम उतरला तेव्हा नवीन मॉडेल दुकानांत आलं. जुनं थोड्याच दिवसांत दिसेनासं झालं.

मग लोकांनी मत दिलं. कोणी न विचारता दिलं. कॉलेज रोडच्या एका दुकानदाराने मला सांगितलं, पहिल्या दिवशी गिऱ्हाइकं खोका उलटासुलटा करून एकच विचारत होती, "याला तोंड कुठंय?" एकाने दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. म्हणाला, पीस डिफेक्टिव्ह आहे, फट पाडायची राहिलीये. घरी त्याची हळदकुंकू लावून पूजा झालेली. ते कुंकू नेमकं जिथे फट हवी होती तिथे लावलेलं, त्यामुळे तो खोका डोक्याला जखम झाल्यासारखा दिसत होता. इंटरनेटवर तर शिव्यांचा पाऊस होता. एक गेम उतरवायला अख्खा दिवस जातो, मध्ये लाइट गेली की पुन्हा सुरुवात, आणि एवढं करून भावाला द्यायचा म्हटलं तर देता येत नाही. सगळ्या शिव्या कंपनीला होत्या. माझा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. हे या धंद्याचं एक सुख आहे.

महिनाभरात करणने व्हिडिओ कॉल लावला. पंधरा-वीस चौकोनांत पंधरा-वीस चेहरे.

"सर, नाशिक तर पूर्ण ग्रीन होतं," करण हिंदीत म्हणाला. "सर्वात वाईट रिअॅक्शन तिथूनच येतेय. मधल्या काळात बदललं काय?"

रितिकाने आधीच मला सांगून ठेवलं होतं की बाजारातलं वातावरण बदललं असं म्हणा. वातावरण बदललं म्हटलं की कोणाचं काही चुकलेलं नसतं.

मी कॉलमध्ये सहसा बोलत नाही. लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात. त्या दिवशी का बोललो हे नीट सांगता येणार नाही. आदल्या दिवशी नाशिकरोडला कामाने गेलो होतो आणि वंदनाताईंचं दुकान टाळायला लांबचा रस्ता घेतला होता. ते डोक्यात होतं.

"काहीच बदललं नाही," मी म्हणालो. "नाशिक ग्रीन नव्हतंच. ते एक घर होतं. सासरे, मेहुणा, पुतण्या, भाचा. जावई चालेल म्हणाला म्हणून सगळे चालेल म्हणाले. मला सुरुवातीलाच कळलं होतं. मी ग्रुप रद्द केला नाही आणि रिपोर्टमध्ये लिहिलंही नाही. बाहेरची एक बाई होती. ती खरं बोलली, तिला मी थांबवलं. आणि तिने वर केला की नाही हे माहीत नसलेला हात मोजला."

रितिका म्हणाली, "पाठकसर सध्या थोडे दमलेत."

"एक मिनिट," करण पुढे झुकला. "म्हणजे जावई बोलला की सगळं घर मान्य करतं?"

"तिथे तसं होतं."

"धिस इज ह्यूज," करण म्हणाला. "मग आपण जावयांनाच का टार्गेट करत नाही?"

मी नोकरी जाईल अशा तयारीने बोललो होतो. मला 'जावई: एक दुर्लक्षित इन्फ्लुएन्सर' या विषयावर प्रस्ताव पाठवायला सांगितलं. तो मी पाठवला नाही. मग हळूहळू त्या कंपनीचं काम माझ्याकडे येणं बंद झालं. भांडण नाही, पत्र नाही.

कॉल संपल्यावर मी स्कूटर काढली आणि यावेळी सरळ रस्त्याने नाशिकरोडला गेलो.

दुकान एका गाळ्यात. सुट्टी सुरू होती. दोन टीव्हींसमोर मुलांची गर्दी, रांग दारापर्यंत. दुसऱ्या दोन टीव्हींसमोर नवीन मशिनं, आणि तिथल्या खुर्च्यांवर कोणी नाही. एक पोरगा स्वतःची डिस्क घेऊन आला, नव्या मशीनभोवती फिरला आणि म्हणाला, "काकू, याच्यात नाही जात." जुन्या मशिनांसमोरची रांग बघून तो निघून गेला. एवढं बघायला मला बाकावर दोन मिनिटं बसावं लागलं.

"या सर," वंदनाताई म्हणाल्या. "परत ग्रुप आहे का?"

"नाही. सांगायला आलोय. त्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं. डिस्कवालं बंद होणार ते."

त्या एक डिस्क मऊ फडक्याने पुसत होत्या, मधून कडेकडे. हात थांबला नाही.

"मिस्टर म्हणत होते, त्या सरांनी फसवलं," त्या म्हणाल्या. "मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, साधा माणूस आहे हो, त्याला कोण सांगतंय वरचं."

मी बाकावरून उठून उभा राहिलो.

"सांगितलं का नाही मग?"

"सही केलेली होती. बोलायचं नाही म्हणून."

"बोलायचं नाही याची सही. आणि थांबा म्हणायची पण केली होती?"

"नाही."

"मी विचारलं त्या आठवड्यात कॉलेज रोडला जुनी मशिनं होती. दुकानदार म्हणत होता, घेऊन जा वहिनी. मी म्हटलं, मोठ्या माणसाला विचारून आलेय, थांबा म्हणालेत. मग जुनी संपली, सुट्टी तोंडावर आली, हीच घ्यावी लागली." त्यांनी डिस्क डबीत ठेवली. "आता माफी मागायला आलाय का?"

"हो."

"माफीवर मशीन चालत नाही सर. मला जुनी दोन आणून द्या. वापरलेली चालतील, कुठली पण चालतील, फक्त डिस्क गेली पाहिजे. आणि ही नवीन दोन घालवा कुठेतरी. अर्धी सुट्टी राहिलीये. ती पण अशीच गेली तर जूनमध्ये गाळा सोडावा लागेल."

मी शोधायला लागलो. तेव्हा मला जे मिळालं ते कुठल्याच ग्रुपमध्ये कधी मिळालं नव्हतं.

देवळ्याला एका कांदा व्यापाऱ्याकडे मशीन आहे असं कळलं. गेलो. पाणी दिलं, बसवलं. म्हटलं, जुना कन्सोल विकायचाय का?

"का बरं? दुकानात नवीन हाय ना."

"नव्यात डिस्क जात नाही."

"मंग? आम्हाला म्हाईत नाय व्हय? आम्ही काय येडे हाय का इकायला?" तो पुढे सरसावला. "माझा साडू सटाण्याचा, त्यानं नवीन घेतला. आता पोरगं त्याचं रोज इथं पडेल राहातं. त्याच्याकडं हाय डबा, पण डिस्क आमच्या. नेट त्याच्या मळ्यात येतं का? शेडवर चढाया लागतं. बाप शेडवर फोन धरून उभा, पोरगं खाली बोंबलतंय, किती टक्के झालं. लोकाचं लेकरू आहे, जेवल्याबिगर तर पाठवता येत नाय. त्या कंपनीनं त्याचं जेवण धरलं का हिशोबात?"

अर्धा तास तो बोलत होता. मी एकही प्रश्न विचारला नाही. निफाडमध्ये एका शिक्षकांनी मशीन तर दिलं नाहीच, वर मला नवं घेऊ नका म्हणून समजावलं. पंचवटीत एकाने दार अर्धंच उघडलं आणि कशाला हवंय ते आधी विचारलं. मत विचारलं की लोक आपल्याला सांभाळून घेतात. त्यांच्याकडची वस्तू मागितली की खरं बोलतात.

शेवटी विंचूरला एक मिळालं. वाइनच्या कारखान्यात काम करणारा एक केरळी मुलगा, कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटा राहणारा. मी त्याला आधीच सांगितलं, माझ्याकडच्या नव्यात डिस्क चालत नाही. तो म्हणाला, माझ्याकडे डिस्कच नाहीत, क्वार्टरला फायबर आहे, मला तर तेच हवंय. अदलाबदल करून दोघंही खूश. बिनफटीच्या मशीनचा ग्राहक होता तर. फक्त तो निवृत्तीकाकांच्या नात्यात नव्हता म्हणून आमच्या ग्रुपला आला नाही.

दुसरं गंगापूर रोडला एका बाईंकडे मिळालं. मुलगा हॉस्टेलला गेला होता. त्यांनी जुन्याची किंमत नव्यापेक्षा जास्त सांगितली आणि एक पैसा कमी केला नाही. मी दिली. पण ते मिळेपर्यंत शाळा उघडायला आठवडा उरला होता.

गाळा पूर्ण सुटला नाही. अर्धा सुटला. मध्ये प्लायवुडची भिंत आली आणि पलीकडे झेरॉक्सचं मशीन आलं. अलीकडे वंदनाताईंची चार मशिनं आणि डिस्कचं कपाट. उरलेलं एक नवीन मीच ठेवून घेतलं. आमच्याकडे कोणी खेळत नाही.

पावसाळ्यानंतर कंपनीने जाहीर केलं: ग्राहकांच्या प्रेमाखातर, नव्या मॉडेलला बाहेरून जोडायची डिस्कची फट. किंमत वेगळी. मी ती बातमी दाखवायला दुकानात गेलो. वंदनाताईंनी फोन हातात घेऊन सगळी वाचली.

"म्हणजे आधी काढलं, आणि आता तेच विकायला काढलं."

"हो."

"हे तुम्हाला विचारून केलं का?"

"नाही. यावेळी मला बोलावलंच नाही."

"मग लोकांना विचारलं असणार," त्या म्हणाल्या आणि फोन परत दिला.

मी अजून याच धंद्यात आहे, साबण आणि ट्रॅक्टरवर. आमच्याकडे नवीन मुलं कामाला येतात, त्यांना प्रोब कसा करायचा ते मी शिकवतो. त्याच्या आधी एक वाक्य पाठ करून घेतो: 'मला सांगता येत नाही.' मुलांना ते फार सोपं वाटतं.